प्लगइनविना उत्तम इंटरनेट रेडिओ : इंदूरच्या मराठी श्रोत्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

इंदूरमध्ये राहून पुणे, मुंबई किंवा नागपूर केंद्र ऐकण्याची हौस ज्यांना पूर्वीपासून आहे, त्यांना मध्यम लहरींच्या मर्यादा सांगायला नकोत. मालवा हाऊसवरून येणारे आकाशवाणी इंदूर ६४८ किलोहर्ट्‌झवर दिवसभर व्यवस्थित लागत असे. पुण्याचे ७९२ किंवा मुंबईच्या अस्मिता वाहिनीचे ५५८ मात्र रात्र पडल्यावर, खरखरीसकट आणि आवाज चढत-उतरत ऐकावे लागे. इंटरनेटने अंतराचा हा प्रश्न मिटवला आहे. तरीही रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा जुन्या वस्त्यांतील अनेक घरांत एखादा जुना संगणक असा असतोच, की ज्यावर काही वर्षांपूर्वी जतन केलेले रेडिओचे पान उघडले की ते फ्लॅश प्लेअर मागते आणि गप्प बसते. त्या पानाची मनधरणी करण्यात अर्थ नाही. प्रत्येक इंटरनेट रेडिओच्या मुळाशी स्ट्रीमचा, म्हणजे इंटरनेटवरून सतत वाहत येणाऱ्या ध्वनीचा, एक साधा पत्ता असतो. तो मिळवून चांगल्या प्लेअरला दिला की ब्राउझरची आणि त्याला बाहेरून जोडाव्या लागणाऱ्या प्लगइनची गरजच उरत नाही. पत्ता कसा मिळवायचा, कोठे द्यायचा आणि आलेला ध्वनी कानापर्यंत न बिघडता कसा पोहोचवायचा, हे पुढे क्रमाने दिले आहे.

प्लगइन का गेले, आणि ते परत का आणू नयेत

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ब्राउझरला स्वतःहून ध्वनी नीट वाजवता येत नसे, म्हणून रिअल प्लेअर, विंडोज मीडिया, क्विकटाइम, नंतर फ्लॅश आणि सिल्व्हरलाइट असे बाहेरचे तुकडे त्याला जोडावे लागत. या तुकड्यांना संगणकावर फार मोकळीक असे आणि त्यांतील उणिवांचा फायदा घेऊन घातक प्रोग्रॅम शिरत. म्हणून क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये प्लगइनची ही जुनी पद्धत काढून टाकली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश वगळता बाकी सर्व बंद केले, आणि अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधारच संपवला. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच मजकूर चालवायला नकार देतो. सिल्व्हरलाइटचा आधार ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. आज कोणतेही पान ‘फ्लॅश बसवा’ किंवा ‘प्लेअर अद्ययावत करा’ असे सांगत असेल, तर ते पान एक तर वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नाही किंवा ते फसवे आहे. दोन्ही परिस्थितींत ते बंद करावे. जुन्या संगणकावर फ्लॅश अजून पडून असेल, तर कंट्रोल पॅनेलमधील प्रोग्रॅमच्या यादीतून तो काढून टाकावा. संगणकावर विंडोज ७ असेल आणि त्यावर नवे क्रोम बसत नसेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर अशा यंत्रावरही चालतो, आणि पुढचे बहुतेक काम त्याच्याकडूनच करून घ्यायचे आहे. मात्र तो त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा, कारण त्याच्या नावाने जाहिरातींचे जंजाळ चिकटवून देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत.

दर्जा म्हणजे नेमके काय

रेडिओ केंद्र ध्वनी आकसून पाठवते. किती आकसले हे बिटरेटवरून कळते आणि कोणत्या पद्धतीने आकसले हे कोडेकवरून. या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात, कारण नुसत्या आकड्यावर विसंबणारा श्रोता हमखास फसतो. एमपी३ हे सर्वांत जुने आणि सर्वत्र चालणारे कोडेक आहे. संगीतासाठी त्याचा १२८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) हा दर कामचलाऊ, १९२ बरा आणि ३२० उत्तम मानावा. एएसी हे त्यानंतर आलेले कोडेक तेवढ्याच बिटरेटमध्ये अधिक स्वच्छ ध्वनी देते, त्यामुळे १२८ केबीपीएसचे एएसी ऐकायला पुष्कळदा १२८ च्या एमपी३पेक्षा सरस वाटते. एचई-एएसी ही त्याची काटकसरी आवृत्ती. तिच्यात वरच्या पट्टीतील ध्वनी पूर्ण न पाठवता, खालच्या पट्टीवरून तो पुन्हा रचण्यापुरती माहिती पाठवली जाते. ४८ किंवा ६४ केबीपीएसवर बातम्या, श्रुतिका आणि भाषणे तिच्यात छान ऐकू येतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेले ओपस कमी बिटरेटवर याहूनही चांगले आहे, पण ते वापरणारी केंद्रे अजून थोडी आहेत. आणि फ्लॅकमध्ये काहीच गाळले जात नाही. सीडीवरचा ध्वनी जसा असतो तसाच पोहोचतो.

कोणत्या संगीताला किती बिटरेट लागतो हे कानांनी तपासायचे असेल, तर तंबोऱ्यासारखी दुसरी कसोटी नाही. जवारीमुळे तंबोऱ्याच्या तारेतून उपस्वरांचा जो दाट झरा निघतो, तो सतत बदलत असतो आणि वरच्या कंपनसंख्यांपर्यंत पसरलेला असतो; नेमका हाच भाग कमी बिटरेटचे कोडेक आधी कापते. परिणामी तंबोरा पाण्याखालून वाजतो आहे असे वाटू लागते, किंवा त्यात एक बारीक सळसळ शिरते. इंदूर घराण्याचा अतिविलंबित ख्याल, उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या पद्धतीचा, ऐकताना दोन स्वरांमधल्या लांब विरामात तंबोराच उघडा पडतो, म्हणून तेथे दोष लगेच कळतो. दुसरी कसोटी तबल्याची आहे. चाटीवरचा ‘ना’ हा बोल टोकदार असतो. कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये आघाताच्या किंचित आधी धूसर आवाज पसरतो आणि बोलाची धार बोथट होते. याउलट जुन्या मराठी नाट्यगीतांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मुळातच मर्यादित ध्वनिपट्टीच्या. त्या ९६ केबीपीएसवर ऐकल्या काय किंवा ३२० वर ऐकल्या काय, फार फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केंद्राकडे मूळ ध्वनीच जर आकसलेला असेल, तर तो फ्लॅकमध्ये भरून पाठवल्याने सुधारत नाही. काही केंद्रे ‘एचडी’ असे मोठ्या अक्षरांत लिहितात आणि आत मात्र जुनाच माल असतो. आकडा पाहावा, पण शेवटचा निवाडा कानांवर सोडावा.

डेटाचा हिशेब सोपा आहे. ६४ केबीपीएसला तासाला सुमारे २९ एमबी लागतात, १२८ ला ५८ आणि ३२० ला १४४. फ्लॅकचा दर संगीतानुसार बदलतो. ८०० केबीपीएस धरला तर तासाला ३६० एमबी होतात. म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर ३२० केबीपीएसचा रेडिओ दहा तास चालेल, पण फ्लॅक चार तासांतच पॅक संपवील. घरी फायबरची जोडणी असेल तर हा हिशेब विसरलात तरी चालेल.

स्ट्रीमचा पत्ता मिळवण्याची रीत

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे केंद्राचे स्वतःचे संकेतस्थळ. तेथे ‘ऐका’ किंवा ‘स्ट्रीम’ अशा पानावर वेगवेगळ्या बिटरेटचे दुवे दिलेले असतात. रेडिओ पॅरडाइस हे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारे अमेरिकी केंद्र एएसीमध्ये ३२० केबीपीएस आणि शिवाय फ्लॅकही देते. सॅन फ्रान्सिस्कोचे सोमाएफएमही आपले पत्ते उघडपणे लिहून ठेवते. अशा दुव्यावर टिचकी मारल्यावर कधी कधी पीएलएस किंवा एम३यू नावाची चिमुकली फाइल उतरते आणि संगणक गोंधळतो. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. आत चार-दोन ओळी असतात आणि त्यांत ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा पत्ता दिसतो. हाच आपल्याला हवा असलेला पत्ता होय. त्यात ८००० सारखा आकडा आढळला तर बिचकू नये, आइसकास्ट या प्रसारण-प्रणालीचे ते नेहमीचे द्वार आहे.

दुसरा मार्ग म्हणजे रेडिओ ब्राउझर ही श्रोत्यांनीच मिळून चालवलेली मुक्त सूची. तीत देश, भाषा आणि बिटरेट यांनुसार शोधता येते आणि प्रत्येक केंद्रापुढे कोडेक लिहिलेले असते. मराठी भाषा निवडून पाहावी. नोंदी कोणीही भरू शकत असल्याने काही पत्ते मेलेले निघतात, हे गृहीत धरावे.

तिसरा मार्ग थोडा खटपटीचा आहे, पण जेथे संकेतस्थळ पत्ता दाखवतच नाही तेथे तोच उपयोगी पडतो. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये केंद्राचे पान उघडून एफ१२ दाबावे, उघडलेल्या चौकटीत ‘नेटवर्क’ हा भाग निवडावा, आणि मग पानावरील वाजवण्याचे बटण दाबावे. यादीत ओळी भरभर येऊ लागतील. ‘मीडिया’ हा गाळणीचा पर्याय निवडल्यास साध्या स्ट्रीमची एकच ओळ उरते. तेथे काही दिसले नाही, तर गाळणी ‘ऑल’वर ठेवून शोधाच्या चौकटीत एम३यू८ ही अक्षरे इंग्रजीत टंकावी. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत ध्वनी काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि एम३यू८ ही त्या तुकड्यांची यादी असते. सापडलेल्या ओळीवर उजवी टिचकी मारून पत्ता नकलून घ्यावा. एम३यू८ च्या अनेक ओळी असतील तर सर्वांत आधी आलेली घ्यावी, कारण बहुधा तीच मुख्य यादी असते आणि तिच्यातून वरचा बिटरेट निवडता येतो. पत्त्याच्या शेवटी अक्षरांची लांबलचक माळ असेल, तर तो पत्ता काही तासांनी निकामी होण्याची शक्यता असते; अशी केंद्रे त्यांच्या पानावर किंवा अ‍ॅपवरच ऐकावीत, उगाच झगडू नये.

आकाशवाणीसाठी प्रसार भारतीचे न्यूज ऑन एअर हे संकेतस्थळ आणि त्याच नावाचे अ‍ॅप पुरेसे आहे. महाराष्ट्रातील केंद्रे, विविध भारती आणि २६ जानेवारी २०१६ पासून अखंड शास्त्रीय संगीत देणारी रागम ही वाहिनी तेथे एकाच ठिकाणी मिळते, आणि कोणतेही प्लगइन लागत नाही.

संगणकावर : व्हीएलसीची मांडणी

व्हीएलसी उघडून ‘मीडिया’ या यादीतील ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’ निवडावे, किंवा कंट्रोल दाबून एन दाबावा. समोर आलेल्या चौकटीत नकललेला पत्ता चिकटवून ‘प्ले’ म्हणावे. आवाज सुरू झाला की कंट्रोल आणि जे दाबावे; कोडेकचे नाव, सॅम्पल रेट आणि ध्वनी मोनो आहे की स्टीरिओ हे दिसते. एएसीसोबत एसबीआर असा उल्लेख आढळला तर ती एचई-एएसी ही काटकसरी आवृत्ती आहे असे समजावे. शेजारच्या ‘स्टॅटिस्टिक्स’ या भागात प्रत्यक्ष येणारा बिटरेट हलताना दिसतो. केंद्राचा दावा खरा की खोटा, हे येथेच कळते.

आता बफर. नर्मदेचे पाणी ठरलेल्या वेळीच येते म्हणून इंदूरच्या घरोघरी टाकी असते, तसाच प्लेअरचा बफर काही क्षणांचा ध्वनी साठवून ठेवतो आणि जोडणी अडखळली तरी गाणे थांबत नाही. व्हीएलसीच्या ‘टूल्स’मधून ‘प्रेफरन्सेस’मध्ये जावे, डाव्या खालच्या कोपऱ्यात ‘ऑल’ निवडावे, ‘इनपुट / कोडेक्स’ उघडावे आणि ‘नेटवर्क कॅशिंग’चा आकडा ३००० ते ५००० मिलिसेकंद करावा. रेडिओ सुरू व्हायला दोन-चार सेकंद जास्त लागतील, एवढाच तोटा.

व्हीएलसीच्या आवाजाची पट्टी १०० टक्क्यांच्या पुढे जाते, आणि तोच मोह टाळायचा आहे. शंभराच्या पुढे ध्वनीची शिखरे कापली जातात आणि वरच्या सुराला फाटल्यासारखा आवाज येतो. पट्टी शंभरवर ठेवावी आणि आवाज अ‍ॅम्प्लिफायरवर वाढवावा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ चालू असेल तर तेही बंद करावे. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरसाठी केलेली ती रंगसफेदी चांगल्या स्पीकरवर ध्वनी बिघडवते.

घरातील ज्येष्ठांना प्रत्येक वेळी पत्ता चिकटवायला सांगणे बरे नव्हे. त्यासाठी नोटपॅडमध्ये एका ओळीत फक्त स्ट्रीमचा पत्ता लिहावा, जतन करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडावा, आणि फाइलला ‘पुणे’, ‘अस्मिता’, ‘रागम’ असे मराठीत नाव देऊन पुढे टिंब आणि एम३यू हे विस्तारनाम इंग्रजीत जोडावे. ही फाइल व्हीएलसीने उघडावी असे एकदा ठरवून दिले, की डेस्कटॉपवर केंद्रांची चिन्हे ओळीने मांडता येतात आणि आजीआजोबांना दुहेरी टिचकीपलीकडे काही शिकावे लागत नाही. माझ्या मते या संपूर्ण खटाटोपातील सर्वाधिक उपयोगाची गोष्ट हीच आहे.

ज्यांना फूबार२००० हा प्लेअर आवडतो त्यांनी त्यात कंट्रोल आणि यू दाबून पत्ता द्यावा. लिनक्सवर एमपीव्ही हा प्लेअर जुन्या यंत्रालाही हलका पडतो.

मोबाइलवर

अँड्रॉइडच्या व्हीएलसीमध्ये ‘मोर’ या भागात नवा स्ट्रीम जोडण्याची सोय आहे. रेडिओड्रॉइडसारखी अ‍ॅप रेडिओ ब्राउझरचीच सूची वापरतात आणि त्यांत आवडती केंद्रे साठवता येतात. स्क्रीन बंद झाल्यावर थोड्याच वेळात रेडिओ गप्प होत असेल, तर दोष केंद्राचा नसून फोनच्या बॅटरी-बचतीचा असतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावी. इक्वलायझर, बेस वाढवणारी आणि ‘सराउंड’ करणारी सर्व चिन्हे बंदच ठेवावीत.

फोनपासून कानापर्यंत

येथे लोक सर्वाधिक दर्जा गमावतात. ३२० केबीपीएसचा स्ट्रीम मिळवून तो ब्लूटूथच्या स्वस्त स्पीकरवर ऐकला, तर फोन तो ध्वनी उलगडून एसबीसी या कोडेकमध्ये पुन्हा आकसतो, म्हणजे एकदा गाळलेले दुसऱ्यांदा गाळले जाते. बातम्यांसाठी त्यात काही बिघडत नाही. संगीतासाठी मात्र तार वापरावी. अनेक मराठी घरांत जुना डेक किंवा अ‍ॅम्प्लिफायर चांगल्या स्थितीत पडून असतो आणि त्याच्या मागे ‘ऑक्स’ असे लिहिलेली लाल-पांढरी छिद्रे असतात. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना असलेली केबल जेल रोडवरच्या दुकानांत सहज मिळते. ती ‘ऑक्स’मध्येच घालावी; ‘फोनो’ लिहिलेल्या छिद्रांत कधीही घालू नये, कारण ती तबकडीच्या अतिशय क्षीण संकेतासाठी असतात आणि तेथे फोन जोडला की आवाज फाटून येतो.

नव्या फोनला हेडफोनचे छिद्र नसेल तर यूएसबी-सी डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारा छोटा तुकडा, लागतो. साधा तुकडा पुरतो. हजारो रुपयांचा डॅक घेण्यापूर्वी तेच पैसे स्पीकरवर खर्च करावेत, असे माझे मत आहे. लॅपटॉप जोडल्यावर सतत ‘हं’ असा घुमारा येत असेल, तर चार्जर काढून पाहावा. घुमारा गेला तर दोष स्ट्रीमचा नाही, अर्थिंगचा आहे, आणि तो वायरमनकडून तपासून घेतला पाहिजे.

नेहमीच्या अडचणी

पान उघडते, बटण दाबले जाते, पण आवाज येत नाही, ही तक्रार आता सर्वाधिक आढळते. पान सुरक्षित म्हणजे ‘एचटीटीपीएस’ असते आणि आतला स्ट्रीम जुन्या ‘एचटीटीपी’वर असतो, आजचे ब्राउझर असे मिश्रण चालू देत नाहीत. तोच पत्ता व्हीएलसीला दिला की वाजतो. परदेशी केंद्र तेथेही न वाजल्यास, त्याने भारतातील श्रोत्यांसाठी आपला स्ट्रीम बंद ठेवला असण्याची शक्यता असते.

दर काही मिनिटांनी अडखळत असेल, तर आधी राउटरजवळ जाऊन ऐकावे. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात मागच्या खोलीपर्यंत वायफाय पोहोचत नाही, आणि त्याला केंद्र जबाबदार नसते. जवळ गेल्यावरही सुधारणा नसेल तर त्याच केंद्राचा खालच्या बिटरेटचा स्ट्रीम निवडावा. अखंड वाजणारे १२८ हे तुटत येणाऱ्या ३२० पेक्षा केव्हाही चांगले.

इंटरनेटवरचा रेडिओ हवेतल्या प्रसारणापेक्षा उशिरा पोहोचतो. एचएलएसमध्ये तुकडे जमवून मग वाजवले जात असल्याने हा उशीर अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक असू शकतो. त्यामुळे बातम्यांपूर्वीच्या ठोक्यांवर घड्याळ लावण्याची जुनी सवय येथे उपयोगाची नाही. युरोपातील केंद्रांच्या कार्यक्रमांची वेळ उन्हाळ्यात एका तासाने सरकते, हेही लक्षात ठेवावे : भारत ग्रीनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, पण लंडन उन्हाळ्यात स्वतःच एक तास पुढे जाते, म्हणून तेव्हा फरक साडेचार तासांचा होतो.

स्ट्रीमचे पत्ते अधूनमधून बदलतात. एखादे केंद्र अचानक बंद पडले तर प्लेअर पुन्हा बसवण्याची गरज नाही. वर सांगितलेल्या तीन मार्गांनी नवा पत्ता शोधावा, त्या केंद्राची एम३यू फाइल नोटपॅडमध्ये उघडावी आणि जुनी ओळ पुसून नवी लिहावी. सर्व फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली, तर दुसऱ्या संगणकावर केंद्रांची हीच यादी जशीच्या तशी नेता येते.